मुखलक्षणे आणि स्वभाव : एक ऐतिहासिक विचार

यंदाच्या स्मरणिकेसाठी ज्ञातीच्या इतिहासातील एखाद्या प्रकरणावर आम्ही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली. मूळपुरुष, कुलदैवते, गोत्रे, स्थलांतर या विषयांवर मागील अंकांतून पुष्कळ लिहून झाले आहे. त्यांतील काही लेख आमच्याच लेखणीतून उतरलेले असल्यामुळे त्यांच्याविषयी कुरकुर करण्याचा अधिकार आम्हांस नाही. तथापि वधूवर सूचक समितीचे काम पाहत असता एक गोष्ट मनात घर करून बसली आहे, आणि तिचा इतिहास सांगावा असे वाटल्यावरून आम्ही मंडळाची परवानगी घेऊन हा निराळा विषय पत्करला आहे.

समितीच्या नोंदणीपत्रकात शिक्षण, नोकरी, पत्रिका यांच्या खाली ‘चेहरेपट्टी’ असा एक रकाना आहे. नोंदणी करणारे पालक त्यात गोरा, सावळी, नाकेला, नाकीडोळी नीटस असे काही लिहून देतात. एवढ्यावर थांबते तर आमची हरकत नव्हती. परंतु पत्रक पाहून, छायाचित्र पाहून, अथवा मुलगी प्रत्यक्ष पाहून आलेली मंडळी जी कारणे देऊन नकार कळवितात, ती वाचावी. ‘नाक बसके आहे, मुलगी हट्टी असावी.’ ‘कपाळ मोठे, सासरी जुळवून घेणार नाही.’ ‘मुलाचे डोळे घारे, आतल्या गाठीचा वाटतो.’ असे शेरे दरवर्षी आमच्याकडे येतात व आम्ही ते मुकाट्याने फाइलीत लावून ठेवतो. नाकावरून स्वभाव कळतो ही समजूत आली कोठून, आणि ती कोणी कधी तपासून पाहिली आहे काय, हा प्रश्न आम्हांस पडला.

आपल्याकडे या विद्येला सामुद्रिक म्हणतात. समुद्र नामक ऋषीने ती सांगितली अशी परंपरा आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पुरुषलक्षणांचे व कन्यालक्षणांचे स्वतंत्र अध्याय आहेत. तळपायापासून केसांपर्यंत एकेका अवयवाची ठेवण घेऊन तिचे फळ त्यांत सांगितले आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या रंगाचे केस वा डोळे असलेली कन्या वरू नये, याची यादीच आहे. म्हणजे आमच्या नोंदणीपत्रकातील रकान्याला बऱ्यापैकी जुनी वंशावळ आहे, हे कबूल केले पाहिजे.

परंतु त्याच मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, न्यायदानाच्या प्रकरणी, एक निराळी गोष्ट आढळते. वादी-प्रतिवादींच्या मनातील आशय राजाने त्यांचा स्वर, चाल, हावभाव, बोलणे आणि डोळ्यांतोंडावर होणारे फेरफार यांवरून ताडावा, असे तेथे सांगितले आहे. हा भेद वाचकांनी लक्षात घ्यावा. खोटे बोलताना चेहरा क्षणभर बदलतो, ही एक गोष्ट. आणि जन्मतः नाक बसके असलेला मनुष्य खोटेच बोलणार, ही अगदीच दुसरी. पहिलीत अनुभवाचा काही अंश आहे. दुसरी नुसती समजूत आहे. आपल्या पूर्वजांना हा भेद ठाऊक होता, पण मुलगी पाहावयास जाताना तो ते घरी ठेवून जात, असे दिसते.

जनकाच्या सभेत आठ ठिकाणी वाकडा असलेला अष्टावक्र शिरला, तेव्हा पंडित हसले, ही कथा आम्ही लहानपणी कीर्तनात ऐकली होती. तिचे स्मरण युरोपातील एका वादाविषयी वाचताना आम्हांस झाले.

झुरिच येथील योहान कास्पर लाव्हाटर या धर्मोपदेशकाने १७७५ ते १७७८ या काळात मुखलक्षणांवर चार मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी यांच्या रेखाकृती देऊन प्रत्येकीतून स्वभाव कसा वाचावा, हे त्यांत सांगितले होते. हे पुस्तक युरोपभर एवढे लोकप्रिय झाले की, नोकर ठेवताना व सोयरीक करताना लोक ते उघडून पाहू लागले. त्यास विरोध केला तो गटिंगेन येथील पदार्थविज्ञानाचे अध्यापक लिख्टेनबर्ग यांनी. हे गृहस्थ स्वतः पाठीला कुबड असलेले व ठेंगू होते. लाव्हाटरच्या कसोटीस उतरणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांनी १७७८ मध्ये लिहिलेल्या निबंधात, मनूच्या आठव्या अध्यायात दिसतो तोच भेद केला आहे : भावनेने चेहऱ्यावर उमटणारी क्षणिक चिन्हे वाचता येतात, हाडांची ठेवण वाचता येत नाही. आणि अन्यत्र त्यांनी असे बजावून ठेवले की, ही विद्या तिच्या भक्तांना हवी तशी पूर्णत्वास गेली, तर पुढे मुले फाशी देण्याजोगी कृत्ये करण्यापूर्वीच त्यांना फाशी दिले जाईल. ते त्यांनी थट्टेने लिहिले होते. शंभर वर्षांच्या आतच आपल्या देशात त्या थट्टेचे काय झाले, ते पुढे येईलच.

लाव्हाटरच्या नादाने जगाचे केवढे नुकसान होणार होते, याचे एक उदाहरण चार्ल्स डार्विन यांच्या आत्मचरित्रात आहे. १८३१ मध्ये ‘बीगल’ जहाजावर निसर्गशास्त्रज्ञ म्हणून ते जाणार होते. जहाजाचा कप्तान फिट्झरॉय हा लाव्हाटरचा भक्त. अशा नाकाच्या मनुष्याच्या अंगी लांबच्या प्रवासास लागणारा निर्धार असेल की नाही, याची त्यास शंका वाटली. सुदैवाने ती टिकली नाही. पाच वर्षांचा तो प्रवास डार्विन यांनी पुरा केला आणि पुढे वीस वर्षांहून अधिक काळ एकच विचार चिवटपणे तडीस नेला. नाक शेवटपर्यंत तेच होते.

इटलीतील वैद्य लोम्ब्रोझो यांनी १८७६ मध्ये गुन्हेगार मनुष्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. जबडा, कान, कपाळ यांच्या ठेवणीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो, असा त्यांचा दावा होता. त्याच सुमारास इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन यांनी तुरुंगातील कैद्यांची छायाचित्रे मिळवून ती एकाच काचेवर एकावर एक उतरविली. गुन्हेगाराचा मूळ चेहरा त्यातून उमटेल, अशी त्यांची अपेक्षा होती. निघाले ते उलटच. एकत्र केलेला चेहरा कोणत्याही एका कैद्याच्या चेहऱ्यापेक्षा अधिक सौम्य व देखणा दिसू लागला. पुढे १९१३ मध्ये चार्ल्स गोरिंग या तुरुंगाच्या डॉक्टरांनी सुमारे तीन हजार कैद्यांची मापे घेऊन ती सामान्य लोकांच्या मापांशी ताडून पाहिली व लोम्ब्रोझोने वर्णिलेला गुन्हेगारी चेहरा कोठेच आढळत नाही, असे दाखवून दिले.

हे सर्व परदेशातले झाले. आपल्या पनवेलीचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे.

१८८२ साली ठाणे जिल्ह्याचे आणि १८८३ साली कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटिअर प्रसिद्ध झाले. पनवेल तालुका त्याच १८८३ साली ठाण्यातून कुलाब्यात आला. आजच्या भाषेत सांगावयाचे तर रायगड जिल्ह्यात, कारण जिल्ह्याचे नाव १९८१ साली बदलले. जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली तयार झालेले हे ग्रंथ आम्हां इतिहास लिहिणारांस अजूनही आधारभूत वाटतात, व त्यांतील मेहनत खरोखर थोर आहे. परंतु लोकसंख्येचे प्रकरण एकदा या दृष्टीने वाचून पाहावे. एकेक ज्ञात घ्यावयाची. तिचा रंग, बांधा, चेहरा सांगावयाचा. मग घर, पोशाख, आहार. आणि त्याच दमात स्वभाव. कष्टाळू, काटकसरी, मद्यप्रिय, धूर्त, आळशी अशी एकेक विशेषणे सबंध ज्ञातीला चिकटवून पुढच्या ज्ञातीकडे वळावयाचे. घराची व जेवणाची माहिती पाहून लिहिता येते. स्वभाव मात्र कोणी पाहिला, किती जणांचा पाहिला, हे तेथे लिहिलेले नसते. वाचणारास मात्र ते सर्व सारख्याच खात्रीचे वाटते.

याउलट आपल्या गावकऱ्यांची रीत पाहा. कुलाब्याच्या किनाऱ्यावर व पनवेलीत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या बेने इस्राएल मंडळींचे सभास्थान पनवेलीत १८४९ सालचे आहे. त्यांच्या चेहऱ्यामोहऱ्यावरून त्यांच्या मूळ स्थानाविषयी विद्वानांनी पुष्कळ तर्क लढविले. शेजाऱ्यांनी त्यांस नाव दिले ते ‘शनवार तेली’ : धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद. नाकाडोळ्यांचा त्यात उल्लेख नाही. मनुष्य काय करतो व कोणत्या दिवशी काय करीत नाही, एवढे शेजारधर्माला पुरेसे होते.

आता शिरढोणकडे वळू. पनवेलीहून गोव्याच्या रस्त्याने निघाले की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. त्याच्या अलीकडे हे गाव. येथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. नातवाने इंग्रजी शिकून मुंबईत रेल्वेच्या कचेरीत व मग पुण्यास लष्करी हिशेबखात्यात कारकुनी धरली. तेथे ते वर्षानुवर्षे होते. रोज सकाळी ते साहेबाच्या समोरून जात, रोज हिशेबाचे कागद पुढे ठेवीत. साहेबाचे देशबांधव याच काळात कवट्या मोजून गुन्हेगार शोधीत होते. पण पुढे ज्याने सरकारची झोप उडवावी, असा मनुष्य त्या खात्याला आपल्याच मेजापाशी ओळखता आला नाही.

१८७६-७७ चा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला. फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांनी पहिला छापा घातला. त्यांच्यासोबत मुख्यतः रामोशी होते. याच वर्षी मे महिन्यात पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आग लागली, तेव्हा संशय लगोलग फडक्यांवर गेला. पुढे निष्पन्न झाले की आग लावणारा सरकारच्याच नोकरीतील एक मनुष्य होता. मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांनी त्याच वर्षी व्हाइसरॉय लिटन यांना लिहिलेल्या पत्रात चित्पावन ब्राह्मणांविषयी सरसकट संशय व्यक्त केला. एकाच्या बंडावरून सर्वांचा स्वभाव ठरला. आणि हे उलट दिशेनेही घडत होतेच. त्याच ज्ञातीच्या घाऱ्या डोळ्यांवरून व गौर वर्णावरून ती समुद्रापलीकडून आलेली, म्हणून निराळ्या मनोवृत्तीची, असे सांगणारे लेखक निघाले. घाऱ्या डोळ्यांचा मनुष्य आतल्या गाठीचा, असे जे शेरे आमच्या फाइलीत येतात, त्यांचे गोत्र हेच असावे काय, असे वाटून जाते.

फडके २० जुलै १८७९ च्या रात्री विजापूरकडील देवर नावदगी येथे पकडले गेले. त्यांना एडनला पाठविण्यात आले. तेथून १८८० मध्ये ते तुरुंगाचे दार उखडून निसटले, पुन्हा पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच वारले. डाक खात्याने त्यांच्या चेहऱ्याचे तिकीट १९८४ साली काढले. आज तो चेहरा पाहून आपण म्हणतो, पाहा, कसे तेज आहे. हा आपला दोष आहे. तेज आपण मागून वाचतो. हिशेबखात्यातील कारकुनाच्या मुद्रेवर ते कोणी पाहिल्याची नोंद नाही.

त्यांच्या साथीदारांचे काय? सरकारने १८७१ मध्येच गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता व १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. अमुक जमातीत जन्मलेले मूल हे जन्मतः गुन्हेगार, असे त्या कायद्याचे गृहीत. हजेरी, परवाने, तारेच्या कुंपणातील वसाहती या सर्वांतून पिढ्या गेल्या. लिख्टेनबर्गची थट्टा ती हीच. गुन्हा घडण्यापूर्वी शिक्षा. केंद्र सरकारने हा कायदा १९५२ साली रद्द केला. पण ‘त्याच्या तोंडावरूनच दिसते’ हे वाक्य काही रद्द झाले नाही.

आता नाकाच्या प्रकरणाकडे येतो. ज्ञातींचे इतिहास लिहिणारांना हे सर्वांत जवळचे आहे.

सर हर्बर्ट रिस्ले हे बंगालमधील सनदी अधिकारी. त्यांनी १८८६ पासून सुमारे सहा हजार लोकांची मापे घेवविली. नाकाच्या रुंदीला शंभराने गुणून नाकाच्या उंचीने भागावयाचे. येणारा आकडा म्हणजे नासिकांक. सत्तरच्या आत आला तर नाक बारीक, पंचाऐंशीच्या वर गेला तर रुंद, मधला तो मध्यम. यावरून त्यांनी असा नियम बसविला की, पूर्व हिंदुस्थानात नाक जितके रुंद तितका ज्ञातीचा सामाजिक दर्जा कमी. १९०१ च्या खानेसुमारीचे आयुक्त तेच होते. ज्ञातींची दर्जानुसार यादी करण्याचा उद्योग त्या खानेसुमारीत झाला, तेव्हा देशभरच्या ज्ञातिसभांनी अर्जांचा पाऊस पाडला. प्रत्येकीस वरची पायरी हवी होती.

मराठी लोकांविषयी रिस्ले साहेबांनी काय ठरविले, हे वाचकांस कळावयास हवे. मापांची ही मोहीम चालली असता त्यांच्या कचेरीत साहाय्यक म्हणून आपलेच एक विद्वान, रावबहादुर बा. आ. गुप्ते, होते. मराठी डोकी रुंद भरली. यावरून साहेबांनी निष्कर्ष काढला की मराठे, कुणबी व दक्षिणी ब्राह्मण हे शक आणि द्रविड यांच्या मिश्रणातून झालेले आहेत. एवढ्यावर ते थांबले नाहीत. मराठ्यांच्या दूरवरच्या स्वाऱ्या, गनिमी कावा, मित्र-शत्रू न पाहता केलेले व्यवहार, कारस्थानांची हौस आणि म्हणून न टिकलेले राज्य, हे सर्व शक पूर्वजांकडून रक्तातून आले असावे, असे त्यांनी लिहून ठेवले. अर्थात् शिवकालापासून पेशवाईपर्यंतचा दीडशे वर्षांचा इतिहास, त्यातील पराक्रम आणि चुका, सह्याद्रीचे डोंगर, मोगलांची फौज, घरातील भांडणे, हे सर्व एका कंपासाच्या दोन टोकांत मावले! आम्ही ते प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

परंतु संतापून उपयोग नाही, कारण आपण स्वतः काय केले? त्या काळी छापल्या गेलेल्या ज्ञातींच्या इतिहासांत रिस्लेचा नासिकांक आपल्या बाजूचा असला तर प्रमाण म्हणून दिलेला आढळतो, व विरुद्ध असला तर त्याचा उल्लेख नसतो. सरळ नाक, गौर वर्ण, म्हणून उत्तरेतून आलेले, म्हणून उच्च. हा तर्क आम्हीही एकदा याच स्मरणिकेत केला होता. त्या लेखाची प्रत आमच्यापाशी आहे. ती कोणी मागू नये, अशी विनंती आहे.

रिस्लेचे गणित ज्यांनी तपासले, त्यांत मराठी नावे अग्रभागी आहेत, ही समाधानाची गोष्ट. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे केंब्रिजहून विद्या घेऊन परतले व १९२४ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ज्ञाती व वंश यांवरील इंग्रजी ग्रंथात त्यांनी रिस्लेचेच आकडे पुन्हा मांडले आणि दाखवून दिले की, संयुक्त प्रांताबाहेर नाक आणि दर्जा यांची सांगड जमत नाही. महाराष्ट्रातील ब्राह्मणांची मापे दूरच्या प्रांतातील ब्राह्मणांपेक्षा येथल्याच इतर ज्ञातींच्या जवळची आहेत. पुढच्याच वर्षी प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी रिस्लेच्या कोष्टकांतील आकडेमोडीच्या पुष्कळ चुका दुरुस्त केल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी हेच नासिकांक घेऊन साहेबांचे शस्त्र साहेबांवर उलटविले : मापांना शास्त्र मानावयाचे असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, मग वंशभेद हे अस्पृश्यतेचे कारण कसे? महाडच्या तळ्यावर १९२७ मध्ये त्यांनी ज्या लोकांना नेले, त्यांत आपल्याच जिल्ह्यातील पुष्कळ होते. त्यांना पाणी नाकारणारांनी कोणाचे नाक मोजले नव्हते. नाव व गाव ऐकूनच त्यांचे काम भागत होते.

इरावतीबाई कर्वे यांचे काम आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावनांवर प्रबंध लिहून त्या बर्लिनला गेल्या. तेथे ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा अभ्यास त्यांना दिला गेला. ही असमानता वंशानुसार बदलते, अशी त्या संस्थेतील अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिले की असमानतेचा वंशाशी संबंध आढळत नाही. १९३० च्या सुमाराचे ते बर्लिन होते. गुरूच्या मताविरुद्ध आकडे पुढे ठेवण्यास काय लागत असेल, त्याची कल्पना वाचकांनीच करावी. परत आल्यावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून त्या खेडोपाडी मापे घेत हिंडल्या; वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील मापांचा ग्रंथ त्यांनी १९५१ साली प्रसिद्ध केला. मापे घेणे त्यांनी सोडले नाही, हे विशेष. उंची किती, डोके किती, याची त्या नोंद करीत. एकाच नावाच्या पोटज्ञाती मुळात निरनिराळ्या असू शकतात, असे त्यावरून सांगत. परंतु अमक्याचे डोके एवढे म्हणून त्याचा स्वभाव असा, हे वाक्य त्या मापांच्या आधारे त्यांनी लिहिले नाही. युगान्तासारखे पुस्तक ज्यांनी वाचले आहे, त्यांना ठाऊक आहे की बाईंना स्वभावाविषयी लिहावयाचे असले म्हणजे त्या माणसाने काय केले आणि काय करावयाचे टाळले, ते पाहत.

येथे एक शंका निघेल. चेहरा निरुपयोगी असता तर विमानतळावर आता चेहरा दाखवून आत कसे सोडतात? देशातील काही विमानतळांवर डिसेंबर २०२२ पासून तशी सोय झाली आहे, हे खरे. पण ते यंत्र विचारते ते एवढेच की, हा मनुष्य तोच काय? हा कसा, हे ते विचारीत नाही. अंगठ्याच्या ठशाचेही तसेच. बंगालमध्ये विल्यम हर्शेल यांनी १८५८ मध्ये करारावर हाताचा ठसा घेतला, तो मनुष्य प्रामाणिक की लबाड हे पाहण्यासाठी नव्हे, पुढे त्याने ‘हा मी नव्हेच’ म्हणू नये यासाठी. ओळख पटणे आणि पारख होणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. आपण मुलगी पाहावयास जातो तेव्हा पहिली करतो व दुसरी केल्याचा आव आणतो.

अलीकडील संशोधकांनी या आवाचेही मोजमाप केले आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आढळले की, चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी लोक विश्वासू की अविश्वासू हे ठरवून मोकळे होतात, व अधिक वेळ दिला तर मत बदलत नाही, त्याविषयीची खात्री मात्र वाढते. पुष्कळांचे मत एकमेकांशी जुळतेही. जुळते म्हणून ते खरे असते, असे मात्र त्यांच्या संशोधनातून निघत नाही. ‘आम्ही चौघांनी पाहिले, चौघांनाही तसेच वाटले’, हे वाक्य आम्ही समितीत किती वेळा ऐकले असेल!

आता स्वतःची गोष्ट सांगितल्याखेरीज हा लेख पुरा होत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी जवळच्या नात्यातील एका मुलीसाठी एक स्थळ आले होते. मुलगा शिकलेला, नोकरीत कायम. वडीलधारे म्हणून आम्हांस सोबत नेले. परत येताना सर्वांनी आमचे मत विचारले. मुलाच्या भुवया नाकावर जुळलेल्या होत्या, ओठ पातळ होते. आम्ही म्हणालो, “मनुष्य संशयी आणि कद्रू निघेल.” एवढे एक वाक्य. स्थळ परतले. नंतर जे ठरले, त्या मुलाचे कपाळ रुंद, हसणे मोकळे, सर्वांस आवडला. तो वाईट नव्हता; परंतु हिशेबाचा खरा नव्हता. कर्जे झाली, मुलीचे दागिने गेले, आणि चौथ्या वर्षी ती माहेरी आली ती आजतागायत. तिने आम्हांस कधी काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

ज्याला आम्ही नाकारले, तो पनवेलीतच राहतो. धाकट्या दोन बहिणींची लग्ने त्यानेच केली, असे ऐकतो. बाजारात भेटला की पिशवी खाली ठेवून तो नमस्कार करतो व “काका, प्रकृती कशी आहे?” असे विचारतो. त्या दिवशी परतीच्या वाटेवर आम्ही काय म्हणालो, हे त्यास ठाऊक नाही. भुवया अजूनही जुळलेल्याच आहेत.

नोंदणीपत्रकातून ‘चेहरेपट्टी’ हा रकाना काढून टाकावा, आणि नकार कळविताना स्वभावाविषयीचा शेरा समितीने स्वीकारू नये, असा ठराव आम्ही गेल्या कार्यकारिणीत मांडला होता. तो एका मताने नामंजूर झाला. त्यामुळे या स्मरणिकेच्या अखेरीस छापलेल्या पत्रकात तो रकाना पूर्वीसारखाच आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत तोच ठराव आम्ही पुन्हा आणीत आहोत. सभासदांनी सभेस उपस्थित राहावे, ही विनंती.